दुसऱ्या जगात पळणाऱ्या नायकांची पुस्तकं: इसेकाई मंगा कसा पारखावा, मुलांसोबत कसा वाचावा

सोलापुरात मी वर्गणीचं वाचनालय चालवते. कादंबऱ्या, चरित्रं, दिवाळी अंक यांच्या शेजारी जपानी चित्रकथांचं, म्हणजे मंगाचं, एक कपाट आहे. आठवीपासून कॉलेजपर्यंतची मुलं आत आली की थेट तिकडेच वळतात. त्यातही सगळ्यात जास्त फिरतात ती इसेकाई प्रकारातली पुस्तकं. नायक आपल्या जगात मरतो किंवा ओढून नेला जातो आणि तलवारी, जादू, राक्षस असलेल्या दुसऱ्याच जगात डोळे उघडतो, अशा या गोष्टी. मुलाला न्यायला आलेले पालक पुस्तक उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "ताई, हे वाचू द्यायचं का?"

याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. याच प्रकारात बारा वर्षांच्या मुलीच्या हाती आनंदाने द्यावं असं पुस्तक आहे आणि मी कुलपात ठेवते असंही आहे. मुखपृष्ठावरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून पारखायची माझी पद्धत इथे सविस्तर लिहिते. पालकांना आणि शाळेच्या ग्रंथपालांना ती उपयोगी पडेल. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांनी स्वतःच वापरली तर आणखी बरं.

मनाने दुसरीकडे पळून जाण्यात मला काही गैर वाटत नाही. दहावीचं वर्ष आहे, घरात कुरबुरी आहेत, वर्गात कोणीतरी रोज छळतंय, अशा मुलाला तासभर वेगळं जग मिळालं तर ते त्याच्या हक्काचं आहे. मी बघते ते एवढंच: त्या जगात नायकाला जे सुख मिळतं ते कोणाच्या जिवावर मिळतं, आणि लिहिणाऱ्याला त्याची जाणीव आहे का.

नायक कशापासून पळतोय ते आधी बघा

इसेकाईची आजची लाट इंटरनेटवरून आली. २००४ मध्ये जपानमध्ये 'शोसेत्सुका नि नारो' हे संकेतस्थळ सुरू झालं. तिथे कोणीही आपली कादंबरी प्रकरणाप्रकरणाने टाकावी, वाचकांनी फुकट वाचावी, गुण द्यावेत आणि त्या गुणांवर क्रमवारी लागावी, अशी व्यवस्था. वर चढलेली कादंबरी प्रकाशक उचलतो, मग तिची चित्रकथा निघते, मग ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका. गुण मिळवायचे तर वाचक पहिल्या काही प्रकरणांतच धरून ठेवावा लागतो. त्यामुळे नायक लवकर मरतो, ताकद लवकर मिळते, अपमानाचं उट्टंही लवकर निघतं. या कादंबऱ्यांच्या लांबलचक नावांचं कारणही तेच. यादीत फक्त नाव दिसतं, म्हणून अख्खी गोष्ट नावातच सांगून टाकायची. २०१६ मध्ये तर या संकेतस्थळाने दुसऱ्या जगाच्या गोष्टींची क्रमवारीच वेगळी काढली, इतक्या त्या झाल्या होत्या.

आता या नायकांची वयं बघा. 'मुशोकु तेन्सेई'चा नायक ३४ वर्षांचा बेकार, वर्षानुवर्षं खोलीबाहेर न पडलेला. स्लाइमच्या, म्हणजे लिबलिबीत गोळ्यासारख्या प्राण्याच्या, रूपात जन्म घेणारा प्रसिद्ध नायक मूळचा ३७ वर्षांचा, बांधकाम कंपनीतला नोकरदार. आणखी एका मालिकेत कार्यालयात काम करता करताच मेलेली तरुणी आहे, आणि पुढच्या जन्मी तिला डोंगरावर नुसतं निवांत राहायचं आहे. १९९० च्या दशकात जपानचा आर्थिक फुगा फुटला आणि साधारण १९९३ ते २००५ या काळात शिकून बाहेर पडलेल्या पिढीला धड नोकऱ्या मिळाल्या नाहीत. घरात स्वतःला कोंडून घेणाऱ्यांना तिथे हिकिकोमोरी म्हणतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीत १५ ते ६४ वयोगटातल्या अशा माणसांची संख्या सुमारे १४ लाख ६० हजार धरली आहे. अतिकामाने येणाऱ्या मरणाला त्यांच्याकडे 'करोशी' हा रोजच्या वापरातला शब्द आहे. या पार्श्वभूमीवर पहिलं प्रकरण वाचलं की ट्रकखाली येऊन दुसऱ्या जगात पोचणारा नायक पोरकट वाटेनासा होतो. मागे सोडलेल्या जगात आपल्याला जागाच नव्हती, असं तो सांगत असतो.

जुन्या गोष्टी असं म्हणत नव्हत्या. १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'फुशिगी युगी'त प्रवेश परीक्षेच्या ताणाने वैतागलेली मियाका ग्रंथालयातल्या एका पुस्तकात ओढली जाते, पण घर, आई, मैत्रीण तिच्या मनातून जात नाहीत. १९९६ च्या 'इनुयाशा'तली कागोमे विहिरीतून शेकडो वर्षं मागे जाते आणि परीक्षा जवळ आली की पाठीवरची पिशवी सावरत त्याच विहिरीतून घरी परतते. आजच्या बहुतेक नायकांना परतायचंच नसतं. जुनं ते सगळं सोनं असंही नाही. 'फुशिगी युगी'त नायिकेवर अत्याचाराची टांगती तलवार पुन्हा पुन्हा आणली आहे आणि आज ती पानं वाचताना मला राग येतो. तरीही 'परत जायचंय का?' हा प्रश्न पारखायला फार उपयोगी पडतो. पुस्तक हातात घेतलं की तो पहिला विचारा. उत्तर 'नाही' असेल तर लगेच पुस्तक वाईट ठरत नाही, पण मागे राहिलेल्यांबद्दल नायकाच्या मनात एखादं तरी पान आहे का, ते शोधा.

कुठली पानं उघडायची

मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात, आपल्याला जी मागची बाजू वाटते तिथून. पालक हमखास शेवटचं पान पहिलं म्हणून उघडतात आणि काहीच कळत नाही म्हणून मिटून ठेवतात. चौकटीही उजव्या कोपऱ्यातून सुरू करायच्या.

सगळ्यात आधी मलपृष्ठ. इंग्रजी आवृत्त्यांवर वयोगट छापलेला असतो: सर्वांसाठी, १३ च्या पुढे, १६ च्या पुढे, प्रौढांसाठी. काही प्रकाशक हिंसा, नग्नता अशी कारणंही देतात. मुलं फोनवर ज्या अनधिकृत साइटवर वाचतात तिथे हा वयोगट गायब झालेला असतो आणि पानाच्या दोन्ही बाजूंना भलत्याच जाहिराती असतात. त्यामुळे मूल फोनवर काय वाचतंय त्याचं नाव विचारून घ्या आणि त्या पुस्तकाचा छापील वयोगट स्वतः शोधा. 'जपानमध्ये उघड विकतात म्हणजे ठीकच असणार' या भरवशावर राहू नका. तिथे २०१४ मध्ये मुलांचं अश्लील चित्रण नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं, पण मंगा आणि ॲनिमे त्या कायद्यातून वगळण्यात आले.

मलपृष्ठानंतर मी चार जागा उघडते. पहिली, नायकाचा मृत्यू. दुसरी, त्याच्या हाती पहिल्यांदा पैसा येतो ती. तो काय विकत घेतो? तिसरी, गरम पाण्याच्या झऱ्याचं किंवा आंघोळीचं प्रकरण आणि पुस्तकाच्या शेवटी जोडलेली जादा पानं. मुख्य कथेत सांभाळून वागणारे लेखक-चित्रकार इथे सैल सुटतात. चौथी, मोठी लढाई संपल्यानंतरची पानं. हरलेल्यांचे चेहरे काढलेत का, की सगळे एकाच साच्यातले?

चित्र बघताना एक सवय लावून घ्या. संवाद झाकायचे आणि चौकट कुठून बघते आहे तेवढंच पाहायचं. मुलगी रडते आहे, संवादात तिचं दुःख आहे आणि चौकट मात्र तिच्या छातीवर किंवा मांडीवर रोखलेली आहे, असं पुष्कळदा दिसतं. संवाद काय म्हणतात त्यापेक्षा ही चौकट जास्त खरं बोलते. एकदा हे दिसायला लागलं की मुलांनाही ते लगेच दिसतं, आणि त्यांना ते दाखवून दिलेलं आवडतं.

विकत घेतलेली मुलगी

या प्रकारातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट म्हणजे गुलामगिरी. 'द रायझिंग ऑफ द शील्ड हीरो' हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. माझ्या कपाटातलं हे पुस्तक पानं सुटेपर्यंत वाचलं गेलंय, त्यामुळे त्याबद्दल नीट लिहिते.

नाओफुमी नावाचा विद्यार्थी चार वीरांपैकी एक म्हणून दुसऱ्या जगात बोलावला जातो. त्याच्या वाट्याला फक्त ढाल येते. सुरुवातीलाच तिथली राजकन्या त्याच्यावर अत्याचाराचा खोटा आळ घेते, सगळे त्याच्यावर थुंकतात. मग तो गुलामांच्या व्यापाऱ्याकडे जातो. का? तर गुलामाच्या अंगावर मंत्राची मुद्रा असते, त्यामुळे तो मालकाला फसवू शकत नाही. तिथे पिंजऱ्यात खोकणारी, रात्री घाबरून किंचाळणारी राफ्तालिया त्याला स्वस्तात मिळते. ती लहान मुलगी आहे.

पुढचं पान फार हुशारीने रचलेलं आहे. दोघं खाणावळीत बसतात. शेजारच्या टेबलावर एका मुलासमोर लहान मुलांचं ताट आहे, वर छोटासा झेंडा खोचलेला. राफ्तालिया त्या झेंड्याकडे बघत राहते. नाओफुमी तिच्यासाठी तसंच ताट मागवतो, झेंड्यासकट. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं. आणि नेमकं त्याच क्षणी आपण विसरून जातो की समोरच्या माणसाने तिला विकत घेतलंय आणि तिने ऐकलं नाही तर ती मुद्रा तिला वेदना देणार आहे. पुढे एका द्वंद्वानंतर तिची मुद्रा काढली जाते, ती मोकळी होते. मग ती स्वतःहून ती मुद्रा पुन्हा लावून घेते, विश्वासाची खूण म्हणून.

मुलांना मी हे पुस्तक देते, सोळाच्या पुढच्यांना, आणि परत आणून दिल्यावर दोन गोष्टी विचारते. खाणावळीतल्या त्या ताटाने तुला नाओफुमी चांगला वाटला ना? मग तो तिला मोकळं करून तेच ताट का मागवत नाही? आणि दुसरं, गोष्ट लिहिणाऱ्याच्या हातात सगळं असताना गुलामानेच गुलामगिरी परत मागावी असं त्याने का लिहिलं? त्याने कोणाची सोय होते? एका अकरावीतल्या मुलाने बराच वेळ विचार करून सांगितलं, "वाचणाऱ्याची. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून." याहून नेमकं उत्तर मला स्वतःलाही देता आलं नसतं.

राजकन्येच्या खोट्या आळाबद्दलही बोला, विशेषतः मुलग्यांशी. एखाद्या गोष्टीत खोटी तक्रार करणारी बाई असू शकते. पण पाठोपाठ वाचलेल्या दहा पुस्तकांत बाई एक तर कट करणारी आणि नाहीतर नायकाच्या उपकाराखाली दबलेली, एवढीच भेटत असेल, तर त्या वाचनातून मुलग्याच्या मनात काय साठतंय याची काळजी करायला हवी.

मोठ्या माणसाचं मन, लहान मुलाचं शरीर

'मुशोकु तेन्सेई' मी कुलपात ठेवते, तरी त्यातलं एक प्रकरण मला अजून विसरता येत नाही. शाळेत झालेल्या भयंकर छळामुळे तो ३४ वर्षांचा माणूस घराबाहेर पडूच शकत नव्हता. नव्या जन्मी रुदेउस म्हणून वाढतानाही त्याचे पाय घराच्या कुंपणाशी थबकतात. जादू शिकवणारी रॉक्सी परीक्षेसाठी त्याला घोड्यावर पुढे बसवते आणि बाहेर घेऊन जाते. तिला त्याच्या भीतीचं कारण माहीत नाही. वाटेत गावकरी साधेपणाने विचारपूस करतात, आणि त्याला कळतं की आपण बाहेर आहोत आणि काही झालेलं नाही. कोंडून घेतलेल्या माणसाबद्दल इतकं समजून-उमजून लिहिलेलं मी फार कमी वाचलंय.

याच रुदेउसच्या मनात मात्र तो प्रौढ पुरुष कायम आहे. तो लहान मुलींकडे त्याच नजरेने बघतो, त्यांच्या अंगचटीला जातो, आपल्या शिक्षिकेचे चोरलेले कपडे पूजेत ठेवतो, आणि पुस्तक हे विनोद म्हणून दाखवतं. 'शरीराने तोही लहानच आहे ना' ही पळवाट वाचकासाठी तयार ठेवलेली असते. ती स्वीकारू नका. मन कोणाचं आहे ते बघा आणि मुलांनाही स्पष्ट सांगा की लहान शरीर घेतलं म्हणून मोठ्या माणसाची जबाबदारी संपत नाही. मालिका पुढे नायकाला सुधारते, हे तिचे चाहते सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण तेरा वर्षांच्या वाचकाने त्या सुधारणेसाठी एवढी पानं हसत हसत ओलांडावीत, हे मला मान्य नाही. अठराच्या आत मी ही मालिका देत नाही, आणि घरी मूल ती आधीच वाचत असेल तर पालकांनी ती स्वतः वाचून मग बोलावं, असं सांगते.

जन्मतःच वाईट ठरवलेल्या जमाती

इथे माझ्या आवडत्या पुस्तकाबद्दल लिहावं लागतंय. 'फ्रीरेन' ही २०२० पासून येणारी मालिका. यात दुसऱ्या जगात जाणारं कोणी नाही. राक्षसांच्या राजाला हरवून झाल्यावर पुढे काय, इथून ती सुरू होते. हजार वर्षांहून जास्त जगणाऱ्या फ्रीरेनला साथीदार मेल्यानंतर उमगतं की आपण त्याला ओळखूनच घेतलं नाही. मुलांना वाट पाहणं, म्हातारपण, स्मरण यांच्याजवळ नेणारं हे पुस्तक आहे आणि मी ते सगळ्यांना देते.

त्यात एक प्रकरण आहे. एका गावात मुलीच्या रूपातली राक्षसी पकडली जाते. तिने एका बाईची लेक मारून खाल्लेली असते. तिला ठार करणार इतक्यात ती "आई" म्हणते आणि तलवार उचललेला हात थांबतो. गावचा मुखिया तिला आपल्या घरी ठेवतो. पुढे तीच मुखियाला मारते आणि त्याची मुलगी त्या बाईपुढे उभी करते: तुमची मुलगी गेली, ही घ्या. तिला आई म्हणजे काय हे कळत नाही. हा शब्द उच्चारला की माणसं मारत नाहीत, एवढंच कळतं. निष्कर्ष असा, की राक्षसांची भाषा ही फसवणूक आहे, दया म्हणजे मूर्खपणा आणि त्यांना मारणं हाच मार्ग.

प्रकरण अंगावर येतं, आणि गोष्टीच्या जगात ते बरोबरही आहे, कारण तिथले राक्षस तसेच घडवलेले आहेत. पण मी सोलापूरची आहे. आमच्या शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्यापासून पुढे कित्येक जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेल्या, इथे त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं, हजेरी लावली. १९५२ मध्ये देशभर तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. अमुक लोकांच्या रक्तातच खोट आहे, त्यांच्या रडण्यावर जाऊ नका, हे वाक्य आमच्याकडे खऱ्या माणसांबद्दल बोललं गेलंय, अजूनही कानावर येतं. माझ्याकडे त्या वस्तीतली मुलंही वाचायला येतात. त्यामुळे 'फ्रीरेन' देताना मी मोठ्या मुलांशी याबद्दल आवर्जून बोलते: लेखकाने एक जमात जन्मतः वाईट ठरवली की नायकाला कोणतीही हिंसा करायची मोकळीक मिळते. ही मोकळीक कशी तयार केली जाते ते एकदा बघून ठेवा. पुस्तक आवडतं म्हणून हा प्रश्न टाळायचा नाही, आणि प्रश्न आहे म्हणून पुस्तकही टाकायचं नाही.

याच्या उलट 'ओव्हरलॉर्ड'. सांगाड्याचं रूप घेतलेला नायक आणि त्याची सेना पाली-मानवांच्या वस्त्यांवर चाल करून जाते, पण बराच काळ गोष्ट त्या पाली-मानवांच्याच बाजूने सांगितली जाते. माशांची शेती करून पाहणारा त्यांचा योद्धा, त्याचं प्रेम, वैर विसरून एकत्र आलेल्या टोळ्या हे सगळं आपण जवळून बघतो, आणि मग ज्याला इतके भाग नायक मानलं तोच त्यांच्या दारात मृत्यू म्हणून येतो. पुस्तक क्रूर आहे, प्रौढांसाठीच आहे, पण ते वाचकाला जिंकणाऱ्याच्या आसनावर आरामात बसू देत नाही.

एक पुस्तक जे प्रश्न स्वतःच विचारतं

'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' मी बारा वर्षांपासून पुढे कोणालाही देते. ग्रंथपाल होऊ घातलेली एक तरुणी भूकंपात पुस्तकांच्या ढिगाखाली मरते आणि एका सैनिकाच्या पाच वर्षांच्या आजारी मुलीच्या, माइनच्या, शरीरात जागी होते. त्या जगात पुस्तकं फक्त श्रीमंतांकडे. मग ती स्वतः कागद करायला निघते. गवताच्या काड्या विणून बघते, मातीच्या पाट्या करते तर त्या भट्टीत फुटतात, लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिते तर आई त्या सरपण म्हणून चुलीत घालते. ताकद वरून पडत नाही. शेजारचा लुट्झ हातपाय चालवतो तेव्हा काम पुढे सरकतं.

आणि मग लुट्झला संशय येतो. माइनला हे सगळं ठाऊक कसं? तू माइन नाहीस, माझी माइन कुठे आहे, तिला परत दे, असं तो तिला तोंडावर विचारतो. ज्या मुलीच्या शरीरात आपण सुखाने राहतोय ती कुठे गेली, हा प्रश्न बहुतेक इसेकाई कथा कधी विचारतच नाहीत. इथे तो एका लहान मुलाच्या तोंडून येतो आणि नायिकेला उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्या जगाचं सुख आणि त्याची किंमत दोन्ही एकाच पानावर ठेवणारं पुस्तक हवं असेल तर ते हे.

मुलाशी बोलायचं कसं

पुस्तक हातातून ओढून घेऊ नका. ओढलेलं पुस्तक फोनवर वाचलं जातं, आणि तिथे तुमचा काही इलाज नाही. एक भाग तुम्ही स्वतः पूर्ण वाचा. मग "यात काय घाण आहे" असं विचारण्याऐवजी "तू या जगात गेलास तर कोण झालेला आवडेल?" असं विचारा. मुलं नायक म्हणतात. मग विचारा, नायकाची जागा भरलेली असेल तर? सराईचा मालक? बाजारात भाजी विकणारी? पिंजऱ्यातली मुलगी? मुलं इथे थांबतात आणि गोष्ट त्या बाजूने पुन्हा सांगू लागतात. मुलांना भाषण कोणी देत नाही, तेव्हा ती याहून कितीतरी पुढे जातात.

आणखी एक विचारा: नायकाला जुन्या जगात काय मिळालं असतं तर तो तिथेच राहिला असता? या प्रश्नाच्या उत्तरात मूल बऱ्याचदा स्वतःबद्दल बोलतं. "एक मित्र असता तर." "कोणी मार्कांवरून बोललं नसतं तर." ऐकून घ्या. लगेच उपाय सांगू नका.

मृत्यू हे दार वाटू लागलं तर

या प्रकाराची सगळ्यात जपून हाताळायची बाजू हीच. मेलं की दुसरीकडे जास्त चांगलं आयुष्य सुरू होतं, हे शंभर पुस्तकांचं पहिलं प्रकरण आहे. बहुतेक मुलांना तो गोष्टीचा संकेत म्हणून कळतो. पण मूल आधीच खचलेलं असेल तर ते त्याला सुटकेचं आश्वासन म्हणून ऐकू येऊ शकतं. 'री:झीरो'त नायक मेला की काळ मागे जातो, आणि एका टप्प्यावर तो सगळं पुन्हा सुरू करण्यासाठी स्वतः कड्यावरून उडी घेतो. मालिका मनापासून लिहिलेली आहे. स्वतःचा तिरस्कार करणाऱ्या त्या मुलाला शेवटी दुसऱ्यांची साथ घ्यावी लागते, हेच तिचं सार आहे. तरी खचलेल्या मुलाच्या हाती ती एकटं असताना देऊ नये.

मुलाने शाळा, खेळ, जेवण, मित्र एकेक करून सोडले असतील, झोप उलटीपालटी झाली असेल, 'मलाही ट्रकने उडवलं तर बरं' असं ते हसण्यावारी नेऊन पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर मंगाचा विषय बाजूला ठेवा. मरणाचा विचार मनात येतो का, हे शांतपणे आणि सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. मुलानेही तो क्रमांक लावला तरी चालतो.

पुढे काय द्यायचं

'शील्ड हीरो' संपवून आलेल्याला मी 'बुकवर्म'चा पहिला भाग देते. त्याची चित्रकथा सुझुका यांनी काढली आहे, पहिला टप्पा सात भागांत पुरा होतो. कागद बनवण्याच्या प्रकरणापर्यंत थांबायला सांगते, कारण सुरुवात संथ आहे. लढाया हव्याच असतील तर 'इनुयाशा'. मोठी मालिका आहे, पण जुन्या वळणाची ये-जा त्यात छान कळते. राक्षस मारून ते रांधून खाणाऱ्या मंडळींची 'डिलिशस इन डंजन' ही मालिका मी घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावी म्हणून देते. भुयारात कोण कोणाला खातं आणि जगायला काय लागतं, याचा तिच्यात फार नेटका विचार आहे. 'बर्सर्क' मागणाऱ्यांना मी वय विचारते. केन्तारो मिउरा यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली ही मालिका अठराच्या पुढचीच आहे. तिच्यात भयंकर लैंगिक हिंसा आहे आणि तिचे घाव पात्रं पुढे वर्षानुवर्षं वागवतात. ज्यांना ती हवी असते त्यांनी आधी कोणाशी तरी तिच्याबद्दल बोलून मग न्यावी, म्हणून ती काउंटरमागे ठेवलेली असते, 'मुशोकु तेन्सेई'च्या शेजारी.